चाकांवरचे घर, जमिनीचे नियम
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

टायनी होम, म्हणजे साधारणतः चारशे चौरस फुटांच्या आत मावणारे, स्वयंपाकाची जागा, न्हाणीघर आणि झोपण्याची सोय असलेले स्वतंत्र घर, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. बहुतेक पत्रांसोबत घराचा आराखडा जोडलेला आहे, काहींनी पोटमाळ्याच्या शिडीचे मापही कळवले आहे. परंतु ते घर ज्या जमिनीवर उभे राहणार ती कोणत्या झोनमध्ये, म्हणजे जमिनीच्या वापरासाठी नियमाने पाडलेल्या कोणत्या विभागात येते, याचा उल्लेख एकाच पत्रात आढळला. याची मला मनापासून काळजी वाटते. घर लहान आहे म्हणून परवानगीचे प्रश्न लहान होत नाहीत. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एवढे लहान घर कधी नव्हतेच, त्यामुळे ते पुष्कळदा अधिक किचकट होतात. हे नियम देशागणिक, राज्यागणिक आणि अनेकदा नगरपालिकेगणिक बदलतात, म्हणून प्रत्येक उदाहरणासोबत त्या जागेचे नाव दिले आहे. ते उदाहरण आपल्या गावाला जसेच्या तसे लागू आहे असे कृपया धरू नये.

प्रश्न : मी ट्रेलरवर बांधलेले साडेआठ फूट रुंद आणि सुमारे २४० चौरस फुटांचे घर विकत घेण्याच्या विचारात आहे. घराला चाके असल्यामुळे ते वाहन ठरते आणि कोणत्याही परवानगीची गरज पडत नाही, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. ते कितपत बरोबर आहे?

उत्तर : विक्रेत्याने अर्धीच गोष्ट सांगितली आहे. चाकांमुळे घर कायद्याच्या बाहेर जात नाही. एका कायद्याच्या हाताखालून निघून ते दुसऱ्या कायद्याच्या हाताखाली जाते, आणि हा दुसरा कायदा बऱ्याच वेळा आपल्याला अधिक अडचणीचा ठरतो.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ, कारण ट्रेलरवरच्या अशा घरांची चळवळ तेथेच वाढली. कारखान्यात तयार होऊन कायम चासिसवर, म्हणजे चाकांच्या सांगाड्यावर, वाहून नेल्या जाणाऱ्या घरांसाठी तेथे १९७६ पासून एक केंद्रीय संहिता लागू आहे. प्रवासाच्या स्थितीत ८ फूट किंवा त्याहून अधिक रुंद, अथवा ४० फूट किंवा त्याहून अधिक लांब, अथवा जागेवर मांडल्यावर ३२० चौरस फूट किंवा त्याहून मोठे असलेले घर तिच्या व्याख्येत येते. साडेआठ फूट ही रुंदी रस्त्यावरून खास परवान्याशिवाय नेता येणारी तेथील कमाल मर्यादा असल्याने बहुतेक टायनी होम नेमकी त्याच मापाची बांधली जातात, आणि त्यामुळे रुंदीच्या कसोटीवर ती या संहितेच्या कक्षेत येऊ शकतात. त्यातून सुटण्याची रूढ वाट म्हणजे ४०० चौरस फुटांपर्यंतचे ‘मनोरंजन वाहन’ म्हणून त्याची गणना करून घेणे. मात्र २०१८ मध्ये तेथील केंद्रीय गृहनिर्माण विभागाने या सवलतीचा खुलासा करताना स्पष्ट केले की, ही सवलत केवळ मनोरंजनासाठी आखलेल्या, मुख्य निवासस्थान किंवा कायम वास्तव्य यांसाठी नसलेल्या वाहनालाच मिळते. म्हणजे ज्या दारातून आपण घराच्या नियमांतून बाहेर पडतो, त्याच दारावर ‘येथे कायम राहता येणार नाही’ असे लिहिलेले असते. वाहन म्हणून नोंदलेल्या घरात बारमाही राहण्याची परवानगी द्यावी की नाही हा पुढचा निर्णय त्या गावाचा झोनिंग नियम करतो, आणि पुष्कळ गावांचा नियम अशा वास्तव्याला छावणीच्या जागेखेरीज इतरत्र परवानगी देत नाही.

इतर देशांनी हाच पेच वेगवेगळ्या पद्धतीने सोडवला आहे. न्यूझीलंडच्या २००४ च्या इमारत कायद्यानुसार हलवता न येणारे आणि कायम किंवा दीर्घकाळ वस्ती असलेले वाहन ही इमारतच ठरते, म्हणजे तेथे चाके आहेत की नाहीत यापेक्षा घर खरोखर हलू शकते का आणि त्यात कोण किती काळ राहते हे पाहिले जाते. इंग्लंडमध्ये कॅरॅव्हॅनची, म्हणजे ओढून किंवा वाहून नेता येणाऱ्या राहत्या घराची, व्याख्या १९६० आणि १९६८ च्या कायद्यांत आहे. दोन भागांत आणून जोडलेले घरसुद्धा २० मीटर लांबी, ६.८ मीटर रुंदी आणि आतून ३.०५ मीटर उंची या मर्यादांत असेल, तर ते कॅरॅव्हॅन ठरू शकते. तेथे ते ‘बांधकाम’ धरले जात नाही, परंतु ज्या जमिनीवर ते ठेवले तिचा वापर बदलला का, हा प्रश्न लगेच उभा राहतो. फ्रान्समध्ये मालकाच्या राहत्या घराच्या आवाराबाहेर कॅरॅव्हॅन वर्षातून तीन महिन्यांहून अधिक काळ उभी ठेवायची असेल, तर आधी नगरपालिकेकडे घोषणापत्र दाखल करावे लागते.

तेव्हा पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला विचारू नका. ज्या गावात घर उभे राहणार तेथील नियोजन कार्यालयाला लेखी विचारा, आणि प्रश्न ‘हे घर चालेल का’ असा मोघम ठेवू नका. हे घर आपल्या नियमांत इमारत आहे, कारखान्यात तयार झालेले घर आहे की वाहन आहे. या भूखंडावर त्या प्रकाराला परवानगी आहे का. आणि असल्यास त्यात बारा महिने राहता येते का, असे तीन वेगळे प्रश्न भूखंड क्रमांकासह लिहून द्यावेत. तोंडी उत्तर पुढे कोणालाही बांधील नसते. विक्रेत्याकडून मात्र एक गोष्ट मागायलाच हवी, ती म्हणजे हे घर कोणत्या मानकानुसार बांधले आणि तपासले गेले याचे प्रमाणपत्र. भिंतीत गेलेली वायरिंग आणि नळजोडणी घर पूर्ण झाल्यावर कोणत्याही निरीक्षकाला दिसत नाही, म्हणून हे प्रमाणपत्र नसेल तर पुढे परवानगीची वेळ आल्यावर भिंती उघडून दाखवण्याची पाळी येते.

प्रश्न : माझ्या मालकीच्या भूखंडावर पक्क्या पायावर २०० चौरस फुटांचे घर बांधण्याचा माझा अर्ज किमान क्षेत्रफळाच्या अटीमुळे परत आला. मला एवढेच घर पुरते, तर त्याहून मोठे बांधण्याची सक्ती कोणत्या न्यायाने केली जाते? आणि त्यावर काही उपाय आहे का?

उत्तर : प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी परत आलेल्या अर्जावर नेमके कोणत्या नियमाचे कलम लिहिले आहे ते प्रथम पाहावे. ‘किमान क्षेत्रफळ’ या एकाच शब्दप्रयोगामागे दोन निराळ्या अटी असतात, आणि त्या दोहोंची गल्लत अर्जदार तर करतातच, पण कधीकधी खिडकीमागचे कर्मचारीही करतात.

पहिली अट बांधकाम संहितेची असते. तिचा हेतू उजेड, हवा, आरोग्य आणि आग लागल्यास सुटका हा असतो, आणि या बाबतीत गेल्या दशकात मोठी सुधारणा झाली आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्ये ज्या आंतरराष्ट्रीय निवासी संहितेचा आधार घेतात, तिच्यात घरातील किमान एक खोली १२० चौरस फुटांची असावी अशी अट पूर्वी होती. २०१५ च्या आवृत्तीत ती वगळण्यात आली आणि राहत्या खोलीसाठी ७० चौरस फूट ही किमान मर्यादा राहिली. २०१८ च्या आवृत्तीत तर पोटमाळा सोडून ४०० चौरस फूट किंवा त्याहून लहान घरांसाठी स्वतंत्र परिशिष्टच जोडले गेले. राहत्या जागेची उंची एरवी ७ फूट लागते, ती या परिशिष्टात ६ फूट ८ इंचांवर आणली आहे, आणि स्वयंपाकघर व न्हाणीघर यांना ६ फूट ४ इंच पुरतात. झोपण्याचा पोटमाळा किमान ३५ चौरस फुटांचा असावा, त्याची कोणतीही बाजू ५ फुटांहून कमी नसावी, आणि आग लागल्यास त्यावरून थेट बाहेर पडता येईल असा मार्ग असावा, त्यासाठी छतातील उघडणारी खिडकीही चालते, असे त्यात म्हटले आहे. जिन्याऐवजी शिडी चालते, पण तीही ठराविक कोनातली आणि मजबूत असावी लागते. या अटी अर्जदाराला जाचक वाटतात; परंतु लहान घरात धूर काही क्षणांत छतापर्यंत भरतो आणि झोपलेला माणूस नेमका छताजवळच असतो, हे लक्षात घेतले तर सुटकेच्या खिडकीची अट मी तरी कधीही शिथिल करा असे म्हणणार नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परिशिष्ट आपोआप लागू होत नाही. राज्याने किंवा गावाने ते वेगळे स्वीकारावे लागते. म्हणून आपल्या कार्यालयात ‘संहिता कोणती’ एवढेच न विचारता ‘तिची कोणत्या वर्षाची आवृत्ती आणि त्यातील लहान घरांचे परिशिष्ट स्वीकारले आहे का’ असे विचारावे.

दुसरी अट झोनिंगची असते, आणि तिचा आरोग्याशी संबंध असेलच असे नाही. न्यूयॉर्क शहराने १९१६ मध्ये संपूर्ण शहरासाठी झोनिंगचा नियम केला, आणि १९२६ मध्ये ओहायो राज्यातील युक्लिड गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जमिनीच्या वापराचे असे विभाग पाडण्याचा अधिकार वैध ठरवला. त्यानंतर निवासी विभागांमध्ये भूखंडाचे किमान क्षेत्र, सामासिक अंतरे (हद्दीपासून घरापर्यंत मोकळी सोडायची जागा) आणि काही ठिकाणी घराचे किमान क्षेत्रफळ अशा अटी रुजत गेल्या. ज्या गावात संहितेनुसार २०० चौरस फुटांचे घर सुरक्षित आहे, त्याच गावात झोनिंग मात्र हजार चौरस फुटांची मागणी करत असेल, तर त्या मागणीमागे आरोग्याचे कारण उरलेले नसते. परिसरातील घरांचा दर्जा आणि भाव टिकावा हाच तिचा हेतू असतो. माझ्या मते ही अट अन्यायाची आहे, कारण ज्याला लहान घरच परवडते त्याला ती गावाबाहेर ठेवते.

आपला अर्ज पहिल्या अटीमुळे अडला असेल, तर आराखडा बदलून पुष्कळदा प्रश्न सुटतो. दुसऱ्या अटीमुळे अडला असेल, तर नियमातून सूट मागण्याचा मार्ग असतो. पण ती सूट देणारे मंडळ सहसा जमिनीची अडचण पाहते, जसे भूखंडाचा विचित्र आकार, तीव्र उतार, मधून गेलेला नाला. ‘मला एवढेच घर पुरते’ हे कारण कितीही प्रामाणिक असले, तरी त्या कसोटीवर टिकत नाही, आणि त्या अर्जाचे शुल्क बहुधा परत मिळत नाही. अशा वेळी नियमच बदलून घेण्यासाठी गावाच्या सभेपुढे जाणे अधिक उपयोगी ठरते. ते वाटते तेवढे अशक्य नाही. टेक्सासमधील स्पर या छोट्या गावाने लोकसंख्या घटत असताना २०१४ मध्ये स्वतःहून टायनी होमसाठी दारे उघडली. मेन राज्याने तर २०२२ मध्ये कायदाच केला, की ज्या भूखंडावर एका कुटुंबाचे घर चालते तेथे नगरपालिकेने टायनी होमलाही परवानगी द्यावी, मात्र इतर घरांना लागू असलेल्या जमीनवापराच्या अटी त्यालाही लागू राहतील.

प्रश्न : आई-वडिलांच्या घरामागे मोकळी जागा आहे. तेथे लहान घर ठेवून त्यांच्याजवळ राहण्याची माझी इच्छा आहे. यासाठी वेगळी परवानगी लागेल का?

उत्तर : लागेल, पण टायनी होमसाठी सध्या सर्वांत सोपी वाट हीच आहे, कारण रस्ता, पाणी, वीज आणि मलनिःसारण हे सारे त्या भूखंडावर आधीच आलेले असते. अनेक गावांच्या नियमांत मुख्य घराच्या आवारातील दुय्यम घर हा स्वतंत्र प्रकार आता मान्य आहे. आपले घर पक्क्या पायावर असेल, तर त्याच प्रकाराखाली अर्ज करावा. चाकांवर असेल, तर गावाने त्याला दुय्यम घर म्हणून मान्यता दिली आहे का ते पाहावे. कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो शहराने २०१६ मध्ये अशी मान्यता दिली, लॉस एंजेलिसने २०१९ च्या अखेरीस दिली, आणि ओरेगन राज्यातील पोर्टलंडमध्ये २०२१ पासून निवासी भूखंडावर चाकांवरच्या घरात राहता येते. अशा मान्यतेसोबत अटी येतात. चाके आणि खालचा सांगाडा झाकावा, बाहेरून ते घरासारखे दिसावे, वाहन म्हणून त्याची नोंदणी चालू असावी, या त्यांपैकी नेहमी आढळणाऱ्या. इंग्लंडमध्ये घराच्या आवारात ठेवलेली कॅरॅव्हॅन मुख्य घराच्या वापराचाच भाग असेल, म्हणजे तेथे राहणाऱ्याचे जेवणखाण आणि दैनंदिन व्यवहार मुख्य घराशी जोडलेले असतील, तर नियोजन परवानगी सहसा लागत नाही, पण तीच जागा बाहेरच्या माणसाला भाड्याने दिली की चित्र बदलते. म्हणून ‘कोण राहणार’ या रकान्यातले उत्तर खरे आणि स्पष्ट लिहावे.

याशिवाय आई-वडिलांच्या खरेदीखताची प्रत काढून वाचावी. वसाहत वसवताना विकासकाने किंवा रहिवासी संघाने घातलेल्या अटींमध्ये ‘एका भूखंडावर एकच घर’ असे असेल, तर नगरपालिकेची परवानगी मिळूनही संघ आपल्याला न्यायालयात खेचू शकतो. नगरपालिका परवानगी देताना ही कागदपत्रे सहसा तपासत नाही.

प्रश्न : मी सौर पॅनेल, पावसाचे साठवलेले पाणी आणि कंपोस्ट शौचालय वापरणार आहे. कोणत्याही सार्वजनिक सेवेला जोडणी घेणारच नसेन, तर परवानगीचा संबंध कोठे येतो?

उत्तर : सांडपाण्यापाशी येतो. सुंदर आराखडे आणि उत्तम भूखंड असलेले अर्ज याच मुद्द्यावर अडलेले मी पाहिले आहेत, आणि येथे माझी सहानुभूती नियमाच्या बाजूने आहे, कारण आपल्या जमिनीत मुरलेले पाणी पुढे शेजाऱ्याच्या विहिरीत उतरते.

कंपोस्ट शौचालयाने मैल्याचा प्रश्न सुटतो. भांडी, कपडे आणि अंघोळ यांचे पाणी मात्र उरतेच, आणि त्यात साबण, स्निग्धांश व जंतू असतात. त्यामुळे बहुतेक ठिकाणी त्या पाण्यासाठी मान्यताप्राप्त शोषखड्डा किंवा सेप्टिक टाकी दाखवावी लागते आणि त्याची परवानगी बांधकाम विभागाकडे नसून आरोग्य विभागाकडे असते. हा विभाग जमिनीत पाणी किती वेगाने मुरते याची चाचणी मागतो आणि विहीर, ओढा व भूखंडाची हद्द यांपासूनची अंतरे मोजतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत सेप्टिक टाकीचे आकारमान घराच्या क्षेत्रफळावरून न ठरता शयनकक्षांच्या संख्येवरून ठरते, त्यामुळे २०० चौरस फुटांच्या घरासाठीही एका शयनकक्षाच्या मोठ्या घराएवढीच व्यवस्था करावी लागते, आणि तिचा खर्च लहान घराच्या अंदाजपत्रकात सहसा धरलेलाच नसतो. सार्वजनिक मलवाहिनी भूखंडाजवळून जात असेल, तर तिला जोडणी घेणे काही ठिकाणी सक्तीचे असते. पावसाचे पाणी पिण्यासाठी वापरायचे असेल, तर गाळणी आणि निर्जंतुकीकरण यांचा तपशील मागितला जातो, आणि सौर यंत्रणेची वायरिंग जोडणी नसली तरी तपासणीस पात्र असते. माझा सल्ला असा, की जमीन खरेदी करण्याच्या करारातच ‘पाणी मुरण्याची चाचणी समाधानकारक आली तरच व्यवहार पूर्ण होईल’ अशी अट घालून घ्यावी. खडकाळ किंवा चिकणमातीची जमीन स्वस्त मिळते, त्याचे कारण बऱ्याच वेळा हेच असते.

प्रश्न : आम्ही पाच मित्रांनी मिळून एक मोठा भूखंड घ्यायचा आणि त्यावर पाच लहान घरे ठेवायची, असे ठरवत आहोत.

उत्तर : एका भूखंडावर पाच स्वतंत्र घरे आली, की नियमांच्या दृष्टीने तो निवासी भूखंड न राहता वसाहत, छावणी किंवा फिरत्या घरांचे आवार ठरतो. मग अग्निशमनाचे वाहन वळेल एवढा आतला रस्ता, घरांमधील अंतर, सामाईक मलनिःसारण आणि घनतेची मर्यादा हे सारे लागू होते. जमिनीचे पाच तुकडे करायचे म्हटले, तर प्रत्येक तुकडा किमान क्षेत्राच्या अटीत बसावा लागतो. अशा वसाहतींना कायद्यात स्थान मिळू लागले आहे. वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये त्यासाठी तरतूद केली. तरीही फिरत्या घरांचे आवार म्हणून आधीच परवानगी असलेल्या जागेत पाच जागा भाड्याने मिळतात का, हे आपण अवश्य तपासावे. जमीन एकत्र घेणारच असाल, तर एकाला बाहेर पडायचे झाल्यास त्याचा वाटा कोण आणि कोणत्या भावाने घेणार, हे खरेदीपूर्वी करारात लिहून ठेवा.

प्रश्न : मी तीन वर्षांपासून परवानगीशिवाय माझ्या जागेत चाकांवरच्या घरात राहत आहे. आजवर कोणी काही बोलले नव्हते. गेल्या आठवड्यात कार्यालयाची नोटीस आली आहे. इतकी वर्षे झाल्यावर आता माझा हक्क तयार झाला असेल ना?

उत्तर : आपली चिंता मी समजू शकतो, कारण येथे प्रश्न डोक्यावरच्या छपराचा आहे. तरीही खरे तेच सांगायला हवे. केवळ कोणी हरकत घेतली नाही म्हणून हक्क तयार होत नाही. बहुतेक ठिकाणी शेजाऱ्याची एक तक्रार येईपर्यंतच ही शांतता टिकते. इंग्लंडसारख्या काही ठिकाणी ठराविक काळानंतर कारवाई करता येत नाही, पण ती मुदत लांब आहे. तेथे बांधकामासाठी आणि इमारतीचे राहत्या घरात रूपांतर करण्यासाठी पूर्वी चार वर्षांची मुदत होती. २५ एप्रिल २०२४ पासून ती सर्वांसाठी दहा वर्षांची झाली, आणि कॅरॅव्हॅन ठेवण्यासाठी जमिनीचा वापर बदलणे याला तर आधीपासून दहाच वर्षे लागत. शिवाय वापर लपवून ठेवला असेल, तर ही मुदतही कामी येत नाही. गवत साठवण्याच्या कोठाराची परवानगी घेऊन आत राहते घर बांधणाऱ्या आणि चार वर्षे तेथे गुपचूप राहून मग वैधतेचे प्रमाणपत्र मागणाऱ्या व्यक्तीला तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते प्रमाणपत्र नाकारले.

आता नोटीस हातात घ्या आणि तिच्यावर तीन गोष्टी शोधा. कोणत्या कलमाचा भंग झाला असे म्हटले आहे, दुरुस्तीसाठी किती दिवस दिले आहेत, आणि अपील कोणाकडे व किती दिवसांत करता येते. अपिलाची मुदत एकदा टळली, की नंतर कितीही चांगले मुद्दे मांडले तरी ते बहुधा ऐकलेच जात नाहीत, म्हणून नोटीस मिळाल्याची तारीख आजच लिहून ठेवा आणि पाकीटही जपून ठेवा. मुदतीच्या आत एक लेखी उत्तर द्या, आणि त्यात नियमात बसण्यासाठी आपण काय करणार आहात ते लिहा. घर हेच एकमेव निवासस्थान आहे, हेही त्यात स्पष्टपणे नमूद करा, कारण अधिक मुदत देताना अधिकारी ते विचारात घेऊ शकतो. घर विकू नका आणि घाईने दुसऱ्याच्या जमिनीवरही नेऊ नका, नाहीतर तीच नोटीस त्या मालकाच्या नावाने निघेल. विम्याची पॉलिसी असेल, तर तिच्यात कायम वास्तव्य वगळले आहे का ते पाहा. मुदतीचे दिवस थोडे उरले असतील, तर हे उत्तर लिहिण्यापूर्वीच जमीनवापराची प्रकरणे चालवणाऱ्या वकिलाला नोटिशीची प्रत पाठवा, आणि परवानगीसाठी उशिरा अर्ज करण्याची तरतूद आपल्या गावात आहे का, हा प्रश्न त्यांना सर्वांत आधी विचारा.